दोन घंटांचा कायदा आणि गाडीखालचा बर्फ

जानेवारी लागला की आमच्या गॅरेजच्या जॉब कार्डांवर आवाजच आवाज असतात. ‘डावीकडे पूर्ण वळवली की पुढच्या चाकात खर्रर्र होतं.’ ‘ऐंशीच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरतं.’ ‘खड्ड्यातून गेली की मागे करकरते.’ ‘काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती, सकाळी काढली तर खालून काहीतरी फरफटतंय.’ ही कार्डं भरते ती मी. माहेर सांगली, मुक्काम कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं बॅरी. गिऱ्हाईक तोंडाने जो आवाज काढून दाखवतं तो नीट ऐकायचा. कधी होतो, कुठून येतो, गाडी थंड असताना की तापल्यावर, हे खोदून विचारायचं आणि कार्ड मेकॅनिकच्या हातात द्यायचं, ही माझी नोकरी.

या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत पिकअपवाले जास्त. मागे उघडा हौदा असलेली ही गाडी इकडे शेतकरी चालवतो, सुतार चालवतो आणि हौद्यात कधी काही न टाकणारा बँकेतला साहेबही चालवतो. चाकं मोठी, चाकांवरच्या मडगार्डांची पोकळी त्याहून मोठी, आणि पोटाखाली आडव्यातिडव्या पट्ट्या, नळ्या, पाटे. बर्फाला बसायला जागाच जागा.

आमचा जुना मेकॅनिक अशा गाडीला आधी पाना लावतच नाही. गाडी आत घेतो, लिफ्टवर डोक्याच्या वर चढवतो, शटर ओढतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. खाली उभं राहून वर पाहिलं की गाडी ओळखू येत नाही. मडगार्डच्या आत काळपट करडा बर्फ, इतका घट्ट की अंगठ्याने दाबून खूण उमटत नाही. त्यात वाळू, बारीक खडी, मिठाचे खडे, कुठे शरद ऋतूतलं एखादं मेपलचं पान. टायर घासून घासून त्या बर्फाला आतून गुळगुळीत कमान पडलेली असते आणि ती दिव्याखाली चकाकते. खर्रर्रचा पत्ता तिथे लागतो. रिमच्या आतल्या अंगाला, एकाच बाजूला, पंजाएवढी ढेप. चाकाचा तोल साधताना आम्ही पाच-दहा ग्रॅमची वजनं मोजून लावतो. तिथे पाव किलो बर्फ एकीकडे बसला तर स्टिअरिंग थरथरणारच. मागच्या पाट्यांच्या फटींत बर्फ, म्हणून करकर. मडफ्लॅपला लोंबणारा गोळा रस्त्याला टेकलेला, म्हणून फरफट. सायलेन्सरच्या उष्णतेने वरचं थोडं वितळतं, ओघळतं आणि खालच्या थंड लोखंडावर पुन्हा गोठतं. अशी एकावर एक पुटं चढतात. अर्ध्या-पाऊण तासाने पहिला तुकडा धाडकन फरशीवर पडतो. मग ठिबकणं सुरू होतं, मग दुसरा तुकडा, मग तिसरा. गटाराकडे जाणारं पाणी काळं आणि खारट. संध्याकाळी गाडी गप्प.

गिऱ्हाईक हसून म्हणतं, कॅनडाची थंडी, दुसरं काय! थंडीच्या माथी खापर फोडणं सोपं आहे. पण थंडी इथे माणूस येण्याआधीपासून आहे, आणि गाड्यांच्या पोटाखालचा हा राडा फार तर ऐंशी वर्षांचा. त्याआधी थोडाफार बसत असेलही, पण त्याने कुणाचं अडत नव्हतं. उलट याच मुलखात हिवाळा हा प्रवासाचा हंगाम होता, आणि हिवाळ्यातला रस्ता इतका मुका होता की त्याला कायद्याने आवाज द्यावा लागला. तो मुका रस्ता बोलका कसा झाला, हे मला माझ्या काउंटरवरून फार दिवस खुणावत होतं.

बॅरी वसलं आहे सिम्को सरोवराच्या पश्चिमेकडच्या फाट्यावर, केम्पेनफेल्ट बेच्या टोकाला. १८१२ साली ब्रिटन आणि अमेरिकेत युद्ध जुंपलं. पुढच्या वर्षी अमेरिकी आरमाराने एरी सरोवर ताब्यात घेतलं आणि पश्चिमेकडच्या मॅकिनॅक बेटावरच्या ब्रिटिश किल्ल्याची रसद तुटली. तेव्हा रॉबर्ट मॅकडौअल नावाचा अधिकारी १८१४ च्या फेब्रुवारीत सैनिक आणि सुतार बरोबर घेऊन यॉर्कहून, म्हणजे आजच्या टोरांटोहून, उत्तरेला निघाला. ऐन फेब्रुवारीत! आजची हवामान खात्याची इशारेबाजी ऐकणाऱ्याला हा माणूस वेडा वाटेल. पण त्याचा हिशेब चोख होता. उन्हाळ्यात या बाजूला रस्ता म्हणजे झाडांचे बुंधे, दलदल आणि डास. हिवाळ्यात सिम्को सरोवर गोठलेलं, सपाट, थेट. सरोवर ओलांडून तो आजच्या बॅरीजवळ किनाऱ्याला लागला, ‘नाइन माइल पोर्टेज’ या जुन्या वाटेने विलो क्रीकला पोचला, पुढे जंगलात २९ नावा बांधून घेतल्या आणि पाणी मोकळं होताच नॉटावासागा नदीतून जॉर्जियन बेमध्ये उतरला. ही वाट मुळात इथल्या आदिवासींची. हिवाळ्यात कुठून जायचं हे त्यांना पूर्वापार ठाऊक होतं.

त्याच युद्धाच्या शेवटी पेनेटँग्विशिनच्या गोदीसाठी जहाजाचा एक अजस्र नांगर बैलांच्या घसरगाडीवर घालून असाच बर्फावरून निघाला होता. वाटेतच तह झाल्याची बातमी आली आणि नांगर हॉलंड लँडिंगला टाकून माणसं परतली. तो अजून तिथल्या बागेत आहे. टोरांटोहून बॅरीकडे येताना थोडं आडवाटेला गेलं की दिसतो. एवढं लोखंड चिखलातून ओढून न्यायचं कुणाच्या मनातही आलं नसतं; बर्फावरून न्यायचं मनात आलं आणि ते बरंचसं निभावलंही.

पुढची शंभर वर्षं ओंटारिओच्या खेड्यांचा हाच शिरस्ता होता. पावसाळी वसंतात आणि ओल्या शरदात रस्त्यांचा चिखल. दलदलीच्या जागी ओंडके आडवे टाकून केलेला रस्ता, ज्यावरून बैलगाडीत बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी व्हायची. मग डिसेंबरात बर्फ पडायचा आणि माणसं कामाला लागायची. धान्य गिरणीला न्यायचं, सरपण आणायचं, लेकीच्या गावी जाऊन यायचं, सगळं स्लेवरून, म्हणजे घोड्याच्या घसरगाडीवरून. घोड्यांच्या नालांना हिवाळ्यापुरते टोकदार खुंट बसवत, म्हणजे पाय घसरत नसे. बर्फ पडला नाही तर लोक चिंतेत पडत, कारण बर्फ नाही म्हणजे रस्ता नाही.

बर्फ रस्त्यावरून काढायचा ही कल्पनाच तेव्हा खेड्यांत नव्हती. तो दाबायचा असे. लाकडी पट्ट्यांचा माणसाहून उंच रूळ घोड्यांना जुंपून रस्त्यावरून फिरवत; ताजा भुसभुशीत बर्फ दबून टणक होई. शेजारच्या न्यू इंग्लंडमध्ये छप्पर असलेले लाकडी पूल होते. छपरामुळे आत बर्फ पडत नसे आणि उघड्या फळ्यांवर स्ले अडत असे. म्हणून गावाने नेमलेला माणूस बाहेरचा बर्फ फावड्याने आणून पुलाच्या आत पसरायचा. रस्त्यावर बर्फ टाकण्यासाठी पगार!

जंगलतोडीच्या छावण्यांनी तर पुढची पायरी गाठली होती. पाइनचे ओंडके नदीपर्यंत न्यायचे म्हणून रात्री पाण्याची टाकी ठेवलेलं स्ले रस्त्यावरून फिरे आणि घसरपट्ट्यांच्या जागी पाणी सोडत जाई. सकाळपर्यंत दोन काचेसारख्या चाकोऱ्या तयार. त्यावरून घोड्यांची एक जोडी ओंडक्यांचा डोंगर ओढून नेई. उतारावर मात्र हा गुळगुळीतपणा जिवावर बेते, म्हणून तिथे गवत किंवा वाळू टाकायला एक पोरगा ठेवलेला असे. आज आपण बर्फ वितळवायला जितका आटापिटा करतो, तितकाच त्या लोकांनी तो जमवायला केला.

दाबलेल्या कोरड्या बर्फावरून स्ले जातं तेव्हा चाकाची घरघर नाही, दगडावर लोखंड नाही. टापासुद्धा दबक्या. धुक्यात, संध्याकाळच्या अंधारात, वळणावर समोरून स्ले येतंय हे कळायचं कसं? आणि स्लेला ब्रेक नसतो. म्हणून घोड्याच्या साजाला घंटा बांधणं कायद्याने सक्तीचं झालं. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर ज्या घंटा आपण शोभेच्या म्हणून पाहतो, त्या मुळात मोटारीच्या हॉर्नचं काम करत होत्या. ओंटारिओच्या आजच्या हायवे ट्रॅफिक अ‍ॅक्टमध्ये हे कलम अजून आहे, ७७ क्रमांकाचं. जनावराने ओढलेलं स्ले महामार्गावर आणायचं तर पुरेसा इशारा मिळेल अशा रीतीने निदान दोन घंटा बांधल्या पाहिजेत. नाहीतर दंड, जास्तीत जास्त पाच डॉलर. सीट बेल्ट आणि मोबाइल फोनची कलमं असलेल्या त्याच कायद्यात या दोन घंटा मुकाट बसून आहेत. आमच्या मेकॅनिकला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ‘बरं झालं पाचच डॉलर आहेत, आपल्याकडे याहून स्वस्त काहीच नाही.’

स्लेकडून मोटारीकडे जाणारा रस्ता ओंटारिओत एकाच घरातून गेला. रॉबर्ट मॅक्लॉक्लिन हा एनिस्किलन गावचा कारागीर. १८६७ साली त्याने ‘कटर’ जातीची हलकी स्ले बनवली आणि ती विकली गेली, तिथून धंदा सुरू झाला. पुढे तो ओशावाला आला आणि त्याचा बग्ग्या-स्लेंचा कारखाना इतका वाढला की ब्रिटिश साम्राज्यातला सर्वांत मोठा म्हणवला जाऊ लागला. त्याचा मुलगा सॅम्युअल याच कारखान्यात गाद्या शिवायला शिकला. १९०७ मध्ये बापलेकांनी मोटारींची कंपनी काढली, ब्यूइकची इंजिनं घेऊन. १९१५ साली बग्ग्यांचा धंदा विकून टाकला तो ओरिलियाच्या कंपनीला. ओरिलिया म्हणजे आमच्या बॅरीच्या पलीकडचं गाव. १९१८ मध्ये मोटारीचा धंदा जनरल मोटर्समध्ये गेला आणि सॅम्युअल त्यांच्या कॅनडातल्या कंपनीचा अध्यक्ष झाला. ओशावाच्या कारखान्यातून आज पिकअप बाहेर पडतात. पुढच्या चाकांचं सगळं बदललं, पण त्या पिकअपच्या मागच्या अंगाला अजून पोलादी पाटेच आहेत, बग्गीखाली असत त्याच जातीचे, एकावर एक रचलेले. त्यांच्या फटींत अडकलेला बर्फ काढताना आमच्या मेकॅनिकची सर्वांत जास्त चिडचिड होते.

मोटार आली म्हणून हिवाळ्याचा शिरस्ता लगेच मोडला नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं नोव्हेंबरात मोटार गोठ्यात किंवा शेडमध्ये जायची. खाली लाकडी ठोकळे लावून चाकं अधांतरी ठेवायची, रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं, बॅटरी काढून घरात आणायची आणि एप्रिलपर्यंत मोटारीचं नाव काढायचं नाही. खेड्यातल्या डॉक्टरांनी मोटार घेतली तरी घोडा विकला नाही. ज्यांना हिवाळ्यात मोटार काढायचीच असे त्यांची रोजची कसरत ठरलेली: रात्री पाणी सोडायचं, सकाळी चुलीवर किटली तापवून ते परत भरायचं, हँडल मारायचं. रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालत, पण इंजिन तापलं की ते उडून जाई. १९२७ मध्ये एथिलीन ग्लायकॉलचं ‘प्रेस्टोन’ बाजारात आलं, ते न उडणारं होतं. तोवर न्यू हॅम्पशायरच्या व्हर्जिल व्हाइटने फोर्डच्या मॉडेल टीला पुढे घसरपट्ट्या आणि मागे साखळीपट्टे लावायचा संच काढला होता. म्हणजे माणसं अजून गाडीलाच बर्फाजोगी करत होती.

शहरांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे नांगराच्या फाळाने बर्फ बाजूला सारणं आधी सुरू झालं. अमेरिकेत मिलवॉकीने १८६२ मध्ये घोड्याचा नांगर रस्त्यावर आणला. पण घोड्याच्या ट्रामसाठी रूळ मोकळे केले की तो बर्फ दोन्ही बाजूंना ढिगाने पडायचा आणि स्लेवाले व दुकानदार तावातावाने भांडायला येत. काही शहरांत मीठ टाकून पाहिलं, तर लोक म्हणाले रस्ता उघडा पडतो, स्ले चालत नाही, जोडे आणि कपडे खराब होतात. मिठाविरुद्धची पहिली ओरड मोटारवाल्यांची नव्हे, स्लेवाल्यांची होती.

बर्फ उचलून लांब फेकण्याची युक्ती मात्र आमच्याच बाजूची. टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. इलियट यांनी १८६९ साली फिरत्या पात्यांच्या नांगराचं डिझाइन मांडलं. ते कुणी बनवलं नाही. मग बॅरीच्या नैर्ऋत्येला असलेल्या ऑरेंजव्हिलच्या ऑरेंज जल यांनी ते सुधारलं आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात ते रेल्वेच्या रुळांवर चालवून पाहिलं गेलं. रस्त्यासाठी तसं यंत्र क्यूबेकच्या आर्थर सिकारने १९२५ मध्ये केलं. १९२७ मध्ये मॉन्ट्रियलला लागून असलेल्या ऊत्रमाँ गावाने पहिलं विकत घेतलं. १९२५ हेच साल पिकअपचंही. तोवर शेतकरी मोटारीच्या मागे स्वतः पेटी ठोकून घेत. त्या वर्षी फोर्डने मॉडेल टी कारखान्यातूनच हौद्यासकट विकायला काढली, २८१ डॉलरला. म्हणजे गाडी आणि तिच्या रस्त्यावरून बर्फ उडवणारं यंत्र एकाच वर्षी जन्माला आली.

तरी खेडी बर्फातच होती, आणि त्याची किंमतही काही जणांनी मोजली. १९३४ च्या हिवाळ्यात क्यूबेकच्या व्हालकूर गावात जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. अपेंडिक्स फुटलं होतं आणि रस्ते बंद असल्याने दवाखान्यात नेता आलं नाही. दोन-तीन वर्षांतच बोंबार्डिएने बर्फावरून धावणारी सात माणसांची गाडी तयार केली, पुढे बारा माणसांची. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं त्यातून जाऊ लागली. धंदा भरात असताना १९४८ मध्ये क्यूबेक सरकारने कायदा केला: प्रांतातले रस्ते हिवाळ्यात नांगरून मोकळे ठेवायचे. एका वर्षात त्याची विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. पुढे त्याने स्की-डू ही बर्फावरची छोटी गाडी काढली ती वेगळी गोष्ट. मला यातलं १९४८ साल महत्त्वाचं वाटतं. बर्फाजोगी गाडी की गाडीजोगा रस्ता, हा वाद तिथे संपला. गाडीजोगा रस्ता जिंकला.

नांगराने खरवडल्यावरही रस्त्यावर पातळ, गुळगुळीत थर उरतो आणि टायर घसरतो. त्यावर आधी वाळू किंवा कोळशाची राख टाकत. वाळूचा ढीग गोठून दगड होऊ नये म्हणून त्यात थोडं मीठ मिसळत. हळूहळू लक्षात आलं की खरं काम मीठच करतंय. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर मिठाचे प्रयोग केले आणि १९४१ च्या सुमारास ते धोरण म्हणून स्वीकारलं. युद्धानंतर मोटारी वाढल्या, उपनगरं वाढली, कामावर वेळेत पोचायचं होतं. १९५२ मध्ये टोरांटोपासून बॅरीपर्यंत ४०० क्रमांकाचा महामार्ग खुला झाला. ह्युरॉन सरोवराकाठच्या गोडरिचमध्ये १८६६ साली तेलासाठी भोक पाडताना मीठ लागलं होतं. १९५९ मध्ये तिथे सरोवराच्या तळाखाली, सुमारे साडेपाचशे मीटर खोल, खाण सुरू झाली. जमिनीखालच्या मिठाच्या खाणींत आज ती जगात सर्वांत मोठी मानली जाते. महामार्ग आणि खाण, दोन्ही एकाच दशकातले. एकाला दुसऱ्याशिवाय हिवाळ्यात चालता आलं नसतं.

आज ओंटारिओच्या पहिल्या वर्गाच्या महामार्गांसाठी नियम आहे: वादळ थांबल्यापासून आठ तासांत डांबर उघडं दिसलं पाहिजे. दुसऱ्या वर्गाला सोळा तास. सर्वांत खालच्या वर्गाचे रस्ते मात्र अजून दाबलेल्या बर्फाचे चालतात, आणि तिकडून येणाऱ्या गाड्यांच्या पोटाखाली फारसं काही सापडत नाही, हे मी जॉब कार्डांवरचे पत्ते पाहून सांगते.

कारण कोरडा बर्फ चिकटत नाही, उडून जातो. चिकटतो तो राडा. मीठ कागदावर उणे २१ अंशांपर्यंत बर्फ वितळवतं. प्रत्यक्ष रस्त्यावर उणे दहा-बाराच्या खाली त्याचा हात आखडतो. समजा हवा उणे आठ आहे. रस्त्यावरचा बर्फ मिठाने अर्धवट वितळून लगदा झालेला. टायर तो वर फेकतो. वर लोखंड त्याच उणे आठात गारठलेलं. राड्यातलं खारं पाणी निथळून जातं, गोड्या बर्फाचे कण मागे राहून एकमेकांना धरतात. रात्री पारा उणे वीसवर गेला की सगळ्याचा एक दगड होतो. आमच्या सांगलीला उसाच्या ट्रॅक्टरखाली काळ्या मातीची अशीच ढेकळं बसतात, पण ती दोन दिवसांच्या उन्हात आपोआप गळून पडतात. इथे ते ऊन मार्चमध्ये येतं.

बॅरीच्या जॉर्जियन कॉलेजात मोटारीच्या धंद्याचं शिक्षण मिळतं, तिथे आता मराठी मुलंही दिसतात. गेल्या हिवाळ्यात त्यातल्या एकाचा, मूळ पुण्याचा, सकाळी सकाळी फोन आला. सेकंडहँड पिकअप नुकतीच घेतलेली.

‘ताई, पुढचं बेअरिंग गेलं वाटतं. वळताना भयानक आवाज येतोय. किती खर्च येईल?’

‘सरळ चालवताना येतो का?’

‘नाही, पूर्ण वळवलं तरच.’

‘रात्री गाडी बाहेर होती?’

‘हो, पार्किंगमध्ये.’

‘मग आधी धू. खालून. आणि हे बघ, हातोडी घेऊन ठोकत बसू नकोस.’

तो थोडा वेळ गप्प बसला. हातोडी मारून झाली होती. मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर फुटलं होतं आणि तेच आता टायरला लागत होतं. बर्फाचा आवाज फुकटात गेला असता. अस्तराचे पैसे पडले. हे दरवर्षी कुणा ना कुणाचं होतं. त्याच भागात ब्रेकच्या नळ्या आणि चाकाच्या सेन्सरच्या वायरी असतात, तिथे घाव बसला तर काम आणखी वाढतं. उकळतं पाणी ओतणारेही येतात. ते पाणी खाली जाऊन ब्रेकवर गोठतं आणि दुसऱ्या दिवशी चाकच फिरत नाही.

गाडीचं नुकसान मोजता येतं. बाकीचं मोजायला वेळ लागला. मीठ लोखंड खातं हे पन्नास-साठच्या दशकात सगळ्यांनी पाहिलं. डेट्रॉइटमध्ये कुर्ट झीबार्टने १९५९ मध्ये गाड्यांना गंजरोधक लेप द्यायचं दुकान काढलं आणि त्याचा स्वतंत्र धंदा झाला. पण गॅरेजच्या गटारातून जाणारं ते काळं खारट पाणी शेवटी कुठेतरी पोचतंच. कॅनडात वर्षाला साधारण ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं. २००१ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने तपासणीअंती रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक ठरवलं आणि २००४ मध्ये ते कसं साठवावं, कसं टाकावं याची आचारसंहिता काढली. मॅकडौअलची माणसं ज्यावरून चालत आली त्या सिम्को सरोवरातलं क्लोराइड वर्षानुवर्षं चढत चाललं आहे. मीठ विरघळतं, नाहीसं होत नाही.

सॅम्युअल मॅक्लॉक्लिनचा जन्म १८७१ चा, स्ले बनवणाऱ्या घरातला. तो वारला १९७२ च्या जानेवारीत, वयाच्या शंभराव्या वर्षी. तोवर त्याच्या ओशावाजवळून जाणारा महामार्ग मिठाने काळा राहत होता. बर्फ जमवण्यापासून बर्फ घालवण्यापर्यंतचा सगळा बदल एका माणसाच्या आयुष्यात मावतो. इतक्या झपाट्याने बदललेली गोष्ट निसर्गनियम नसते. तो आपण घेतलेला निर्णय असतो. मी तो चुकीचा म्हणणार नाही; रुग्णवाहिका वेळेत पोचते ती याच काळ्या रस्त्यावरून, आणि व्हालकूरच्या त्या मुलाची गोष्ट विसरून चालणार नाही. पण आठ तासांत काळा रस्ता हवा आणि गाडीखाली बर्फही नको, हे एका वेळी मिळायचं नाही. खर्रर्र हे त्या काळ्या रस्त्याचं बिल आहे, आणि ते थंडीच्या नावाने फाडणं बरोबर नाही.

तेव्हा इकडे गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींना काउंटरवरून एवढंच सांगणं. पारा शून्याच्या आसपास असेल असा दिवस बघून, खालून फवारा मारणाऱ्या वॉशमध्ये गाडी न्या. धुऊन झाल्यावर लगेच उभी करू नका. दहा-पंधरा मिनिटं चालवा, मधूनमधून ब्रेक दाबून ते सुकू द्या. हातोडी, पहार, उकळतं पाणी घरीच राहू द्या. आपल्या ड्राइव्हवेवर मीठ टाकताना मूठभर कमी टाका. आणि धुऊनही आवाज राहिला तर मात्र टाळाटाळ न करता गॅरेजला या, कारण तेव्हा तो बर्फाचा नसतो.